घाटाचे अकरा मोड

अकरा दिवस जास्तच झाले, भाऊ. तेव्हाही म्हटलं होतं, आज छापील कागदावरही म्हणतो. चूक माझी होती, कबूल. पण पायी घाट उतरवायचाच होता तर तीन दिवस पुरे होते, फार तर पाच. तुम्ही ऐकलं नाही. नुसते हसलात आणि रुमालानं आरसा पुसत बसलात.

प्रमिला मॅडमनी फोनवर बजावलं होतं की गौरवग्रंथात तक्रार लिहायची नसते. "गुण लिही, प्रसंग लिही, आणि आदरार्थी लिही." मॅडम आमच्या गावच्या शाळेत शिकवतात आणि या ग्रंथाचं संपादन त्याच करत आहेत. त्यांचं खरं आहे. पण मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस, मला एकच रस्ता माहीत आहे. भाऊंबद्दल काहीही सांगायचं तर तो रस्ता त्या अकरा दिवसांवरूनच जातो.

आदरणीय तुळशीरामभाऊ यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊंनी आधी वीस वर्षं चुनखडीच्या खाणीत डंपर चालवला. मग जुनी डिझेल जीप घेऊन गडचांदूर ते जिवती सवारी वाहिली. मागची बरीच वर्षं, जो कोणी येईल त्याला ते त्याच जीपवर गाडी शिकवत आले. फी घेत नाहीत. आमच्या भागात कोणालाही विचारा, सगळ्यात कमी डिझेल पिणारी जीप कोणाची? लोक भाऊंच्या घराकडे बोट दाखवतील.

माझी त्यांची पहिली भेट गडचांदूरच्या स्टँडवर झाली. सात वर्षं झाली असतील. मी एकवीस वर्षांचा होतो, लायसन नवं होतं आणि दोन जीपमालकांनी मला कामावरून काढलं होतं. एकानं जोरात पळवतो म्हणून, दुसऱ्यानं तोंड जास्त चालतं म्हणून. त्या दिवशी पाहतो तर एक म्हातारे गृहस्थ जीपच्या टपावर चढून कॅरिअर खोलत होते. आमच्याकडे कॅरिअर नसलेल्या जीपला कोणी जीप म्हणत नाही. पोती, सायकल, खाट, बकरी, सगळं वर जातं. बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले होते.

एक जण म्हणाला, "भाऊ, गाडीचं मुंडन काऊन करून राह्यले? कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं," भाऊ वरूनच म्हणाले. "डिझेल जाऊन राह्यलं होतं. त्याले थांबवून राह्यलो."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. भाऊंनी खाली वाकून माझ्या हातात पाना दिला. "हसून झालं असन तं हे मागचे दोन नट खोल."

मी खोलले. का खोलले, आजही सांगता येत नाही. खोलता खोलता त्यांनी समजावलं की बाजाराच्या दिवशी कॅरिअर लावायचं, बाकीच्या दिवशी काढायचं. "रिकामं कॅरिअर म्हणजे टपावर उभा केलेला माणूस. तो दिवसभर हवेशी भांडते, अन् त्याचं जेवण आपून घालतो." त्यांनी त्यासाठी हातानं फिरवायचे नट बसवून घेतले होते. दर आठवड्याला चढवायचं, उतरवायचं. एवढा खटाटोप मी आयुष्यात कोणाला करताना पाहिला नव्हता, आणि तोही अर्ध्या-पाव लिटरसाठी. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडे कामाला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंगवर बसलो, तर म्हणाले, "चप्पल काढ."

मी म्हटलं, "भाऊ, विहार हाये का हे?"

"विहारापेक्षा कमी नाई. नऊ माणसं तुह्या तळपायावर बसली हायेत. चपलीले काई समजत नाई बाबू, तळपायाले समजते."

तेव्हापासून मी अनवाणीच गाडी चालवतो. भाऊंचा पाय ॲक्सिलरेटरवर असा असायचा की पाहणाऱ्याला वाटावं, ठेवलेलाच नाही. त्यांच्या गाडीत झटका नव्हता. लांबवर बैलगाडी दिसली की ते तिथूनच पाय उचलत. आम्ही जवळ जाऊन करकचून ब्रेक मारत असू. ते म्हणत, ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल फेकून दिलं. टायरची हवा ते रोज सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना पाहत. हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, आठवड्याला साफ करत, कारण आमच्या रस्त्यावर धूळ कमी नाही. यातलं एकही काम मोठं नव्हतं. पण भाऊंनी ते एक दिवसही चुकवलं नाही, आणि मला नवल वाटायचं ते याचं. मी तोवर कुठंही चार महिने टिकलो नव्हतो.

एक प्रसंग सांगतो. दुपारची वेळ, घाटात सागाची पानं गळून गेलेली. समोर रस्त्यावर अस्वल आलं. मादी होती, पाठीवर दोन पिल्लं. मागं एक ट्रक आणि दोन जीपा येऊन थांबल्या, सगळ्यांची इंजिनं घरघरत होती. अशा वेळी कोणीही इंजिन चालू ठेवतो, पळायचं असतं ना. भाऊंनी चावी फिरवून बंद केलं.

मागच्या सीटवर कोंबड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. आम्ही तिला कोंबडीवाली आजीच म्हणायचो, दर बाजाराला ती आमच्या गाडीत. भाऊंच्या हळू चालवण्याचा तिला फार वैताग. दर वेळी विचारायची, "उतरून धक्का देऊ का, भाऊ?" ती कुजबुजली, "बंद काऊन केली? चालू नाई झाली तं?"

"तं अस्वलीले धक्का माराले सांगू," भाऊ हळूच म्हणाले.

मागच्यांनीही एकेक करून इंजिन बंद केलं. आणि तेव्हा मी आमचा घाट पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेलो होतो, पण ऐकला नव्हता. वाळक्या पानांवर तिचे पाय वाजत होते. नऊ माणसं श्वास धरून बसलेली. ती उताराच्या बाजूला वळली आणि पाठीवरची पिल्लं न हलू देता एकेक पाय रोवत खाली उतरली. कुठं घाई नाही, कुठं घसरण नाही.

"पाह्य," भाऊ मला म्हणाले. "पाठीवर सवारी हाये. कशी उतरून राह्यली पाह्य."

मी पाहिलं. समजलं मात्र काही नाही. समजलं असतं तर पुढचं घडलंच नसतं.

भाऊंच्या या सगळ्या शिस्तीमागे पैसा होता, हे खरं. जीपवर घर चालत होतं. पण नुसता पैसा नव्हता. त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांना दम्याचा त्रास आहे. जीप दारात चालू करायची नाही, आधी ढकलून रस्त्यावर न्यायची, हा त्या घरचा नियम. शाळेसमोर थांबलं की इंजिन बंद. मी एकदा चिडून म्हटलं, एका मिनिटानं काय होतं? भाऊंनी सायलेन्सरच्या तोंडावर बोट फिरवलं आणि काळं बोट माझ्यासमोर धरलं. "हे बी डिझेलच हाये. पैसे देऊन घेतलं, गाडीच्या कामी नाई आलं, अन् आता पोट्ट्यांच्या छातीत चाल्लं." त्या दिवसापासून मी धुराकडे धूर म्हणून पाहू शकलेलो नाही.

आता माझी चूक.

भाऊ जीप चालवत तेव्हा ती लिटरला तेरा किलोमीटर देई. मी चालवली की साडेदहा. तीच जीप, तोच घाट, तेच टायर. मला हे सहन होईना. स्टँडवर ड्रायव्हर टोमणे मारत, "म्हाताऱ्याच्या पायात पंप हाये, तुह्या पायात भोक." मी मनात धरलं की चौदा काढून दाखवायचे.

आमच्या घाटावर एक जुनी रीत आहे. वर माथ्यावर पोहोचलं की चावी बंद करायची, गिअर काढायचा आणि गाडी मोकळी सोडायची. उतार आपोआप नेतो, डिझेल लागत नाही. बरेच जण करायचे, शहाणपण समजून करायचे. भाऊंनी मला पहिल्याच दिवशी मना केली होती. पण त्या दिवशी ते गाडीत नव्हते, आणि मला चौदा पाहिजे होते.

पहिले काही मोड, म्हणजे वळणं, छान गेले. गाडीला आवाज नाही, हवा लागते आहे, मला वाटलं मी भाऊंच्याही पुढं गेलो. मग ब्रेकवर पाय ठेवला. एकदा लागला. दुसऱ्यांदा थोडा लागला. तिसऱ्यांदा पाय जणू दगडावर ठेवला. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारा जोर संपतो, हे मला माहीत नव्हतं. सहाव्या मोडावर एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला मुरमाची भिंत. मी गाडी भिंतीवर घातली.

कोणी मेलं नाही. एवढंच लिहितो, कारण एवढंच पुरेसं आहे. एकाच्या कपाळाला लागलं, मडगार्ड आत गेलं आणि आजीच्या टोपलीतून दोन कोंबड्या झुडपात पळाल्या.

कोणीतरी निरोप दिला. भाऊ मोटारसायकलवर मागं बसून आले. मला वाटलं मारतील. ते माझ्याकडे आलेच नाहीत. आधी प्रत्येकाला विचारलं, कोणाला कुठी लागलं? मग घाणेरीच्या झुडपात शिरून कोंबड्या शोधू लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, झुडपात वाकून "या, या" करत होता. एक सापडली. दुसरी नाही सापडली, तर दुसऱ्या दिवशी घरची कोंबडी आजीला नेऊन दिली. कोंबडी टोपलीत घातल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले.

"किती आला?"

"काय, भाऊ?"

"ॲव्हरेज. किती आला?"

मी खाली पाहून म्हटलं, "चौदा आला असता."

"गाडीत नऊ होते," भाऊ म्हणाले. "नऊ घरी पोचले तं ॲव्हरेज मोजाचा. आठ पोचले तं काय मोजशीन बे?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवसापासून चावी गेली. भाऊ म्हणाले, "घाटाले अकरा मोड हायेत. एका दिवशी एक." सकाळी ते मला माथ्यावर सोडत आणि जीप घेऊन पुढं जात. मी अख्खा घाट अनवाणी उतरायचा. त्या दिवसाच्या मोडावर ते इंजिन बंद करून थांबलेले असत आणि एकच प्रश्न विचारत, "इथी तुह्या गुडघ्यानं काय केलं?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, काही नाही केलं. म्हणाले, उद्या पाहून ये. तिसऱ्या दिवशी मी शिव्या देत उतरलो. स्टँडवरचे ड्रायव्हर बाजूनं जाताना हॉर्न मारत, "काऊन बे, डिझेल संपलं काय?" आजी खिडकीतून ओरडली, "धक्का देऊ का, बाबू?" पाचव्या दिवशी मी काम सोडायचं ठरवलं. सहाव्या दिवशी त्या मुरमाच्या भिंतीपाशी आलो. गाडी घासल्याची खूण तशीच होती. तिथं उतार एकदम खाली जातो. माझे गुडघे आपोआप वाकले, पाऊल लहान झालं, अंग मागं आलं. मी थांबलो. परत चार पावलं वर गेलो, परत उतरलो. परत तेच. मला कोणी सांगितलं नव्हतं, पायांनीच धरलं होतं.

"भाऊ, गुडघा धरते," मी म्हटलं.

"हाव. माणूस उतारावर गुडघ्यानं चालते, गाडी गिअरनं. ज्या गिअरमधी चढली त्याच गिअरमधी उतराची. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला अन् गाडी गिअरमधी असली, का इंजिन गाडीले धरते, अन् गाडी इंजिनाले फिरवते. तवा डिझेल लागतच नाई. तू जे फुकट शोधून राह्यला होता, ते गिअरमधीच फुकट होतं."

मग मला त्या अस्वलाची आठवण झाली.

इथं संपायला पाहिजे होतं की नाही? सहा दिवसांत मला समजलं होतं. मी तसं म्हटलंही. भाऊ म्हणाले, "सातवा मोड उद्या."

अकराव्या दिवशी ते माथ्यावर जीप उभी करून माझ्याबरोबर पायी निघाले. सगळा घाट. दोनदा बसले, गुडघे चोळले, उठले. खाली पोहोचल्यावर एका दगडावर टेकले, खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "जा. वर जाऊन गाडी घेऊन ये. मी इथीच हावो."

मी वर चढलो आणि एकटा गाडी घेऊन उतरलो, अनवाणी, दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेकला पाय लावला तो जेमतेम. खाली आलो तर भाऊ डोळे मिटून बसलेले.

"सातव्या मोडावर क्लच दाबला," ते म्हणाले.

दाबला होता. समोरून ट्रक आला म्हणून क्षणभर दाबला होता. तिथून तो मोड दिसत नाही, आवाजही मला तर ऐकू आला नसता. देवाधर्माचं मला फार कळत नाही, पण त्या दगडावर बसलेल्या माणसाला मी मनातून हात जोडले.

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्याकडे होतो. जीप माझ्या हातानंही साडेबारा देऊ लागली. तेरा कधी नाही. मग माझा पाय टिकेना. भाऊंनी अडवलं नाही. "जा. पण जिथी जाशीन तिथी चप्पल काढत जाजो," एवढंच म्हणाले. यशोदाबाईंनी तिखट बांधून दिलं. हैदराबाद झालं, सुरत झालं, आता हिमाचलात सफरचंदाची पिकअप चालवतो. इथले घाट असे की आमचा घाट त्यांच्या खिशात मावेल.

या नव्या गाडीत समोर छोटा पडदा आहे. या क्षणी किती तेल जळतंय ते आकड्यात दिसतं. पहिल्याच उतारावर मी गिअर काढून पाहिला. तेल जळत होतं, थोडं, पण जळत होतं. मग गिअर घातला आणि पाय उचलला. आकडा झाला शून्य. मी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच भाऊंना फोन लावला.

"भाऊ, शून्य! गिअरमधी शून्य दाखवते!"

"मंग?"

"मंग काय, भाऊ? तुमचं खरं निघालं!"

"मी तं तवाच सांगितलं होतं, बाबू. तुले पडदा पाह्यजे होता."

ज्यांनी आयुष्यात असा पडदा पाहिला नाही, त्यांना तळपायातून तो शून्य दिसत होता. हे मी इथल्या ड्रायव्हरांना सांगतो तेव्हा ते हसतात. हसू देत. मालक दर महिन्याला सगळ्यात जास्त ॲव्हरेज काढणाऱ्याला दोन हजार बक्षीस देतात. मला सात वेळा मिळालं. त्यातलं एकही मी मोडलेलं नाही. काय करायचं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

दिवाळीपासून भाऊंची जीप कडुनिंबाखाली उभी आहे. धुराच्या तपासणीत नापास झाली. पंप थकला आहे, नोझल थकले आहेत. कोणी त्यांना सांगितलं, गाडी न्यायची गरज नाही, नंबर सांगा, पास झाल्याचा कागद घरी येईल. मॅडमनी मला भाऊंचं उत्तर कळवलं: "कागद कोणाच्या छातीत जात नाई बाप्पा. धूर जाते." चंद्रपूरच्या मिस्त्रीनं दुरुस्तीचा जो खर्च सांगितला तो भाऊंच्या आवाक्यात नाही, आणि शिकणाऱ्यांकडून ते पैसे घेत नाहीत. तीन मुली त्यांच्याकडे शिकत आहेत. एकीला रुग्णवाहिका चालवायची आहे. तिघींचा शिकाऊ परवाना पुढच्या महिन्यात संपतो. भाऊ त्यांना उभ्या जीपमध्ये अनवाणी बसवून गिअर शिकवतात. पण उभ्या गाडीत उतार कुठून आणणार?

सत्कार समितीनं प्रत्येक शिष्याकडून पाचशे रुपये मागितले आहेत, शाल, श्रीफळ आणि मानपत्रासाठी. समितीचा मान ठेवून लिहितो. मी यशोदाबाईंना फोनवर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "शाली पाच हायेत घरी. एकही पांघराले गरम नाई."

म्हणून मॅडम, माझे पैसे शालीत घालू नका. भाऊंच्या हातातही देऊ नका, ते परत करतील. सरळ मिस्त्रीला द्या, पंप आणि नोझल करून घ्या, धुराची तपासणी गाडी नेऊन, रीतसर करून घ्या आणि सत्काराच्या दिवशी ती जीप मंडपासमोर उभी करा. इंजिन बंद करून.

भाऊ, तुम्ही जे काही चालवलंत ते सावकाश, न झटकता आणि दुसऱ्याच्या छातीत धूर न घालता चालवलंत. तुमची पुढची वर्षंही अशीच लांब, एका चालीनं जावोत. गुडघ्यांना आराम पडो, यशोदाबाईंचा श्वास मोकळा राहो आणि कान आहेत तसेच तीक्ष्ण राहोत, कारण त्या तिघींचा क्लच खाली दगडावर बसून तुम्हालाच ऐकायचा आहे. अकरा दिवस मला जास्त झाले, हे माझं म्हणणं कायम आहे. पण त्यांचा एकही मोड कमी करू नका.

सात बक्षिसांचे चौदा हजार आणि माझ्या पगारातले सहाशे, मिस्त्रीनं सांगितले तेवढे पूर्ण, या लेखासोबत पाठवत आहे: रुपये चौदा हजार सहाशे.